टाकीच्या उजवीकडून

दिल्लीतल्या आमच्या सरकारी वसाहतीत, लक्ष्मीबाई नगरात, नवा माणूस राहायला आला की आमचे शेजारी आठल्येकाका त्याला आधी चहाला बोलावत नाहीत, पाण्याच्या टाकीपाशी नेतात. "तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून. चलो." दोघे गोल टाकीला वळसा घालून पलीकडे भेटतात. मग काकांचा प्रश्न, "पाऊल जुळलं?"

जुळो न जुळो, पुढचं ऐकावंच लागतं. "समजा, आपण इलेक्ट्रॉन. टाकीत चुंबकाचं बळ कोंडलेलं, बाहेर थेंबभर नाही. आपण आत डोकावतही नाही. तरी भेटतो तेव्हा पाऊल सरकलेलं असतं. शिवलं नाही, तरी फरक पडला. बिल्कुल पडला."

दूधवाला, भाजीवाला, धोबी, सगळे इलेक्ट्रॉन होऊन गेले. एका अंडर सेक्रेटरींनी मात्र वळसा संपल्यावर गंभीरपणे विचारलं, "इसकी फाईल किस सेक्शन में है?"

काका स्वतः मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. विज्ञान दहावीलाच सुटलेलं. इलेक्ट्रॉन त्यांच्या बायकोचे. सुधाकाकू कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. हे पाऊल सरकणं त्यांनी स्वतः प्रयोग करून मोजलं होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या. कॉलेजने प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं आणि काकांना चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हापासून हे टाकीप्रकरण सुरू झालं.

"मी चुकीचं सांगितलं तर तिला कमीपणा येईल हो," ते मला म्हणाले होते.

समारंभाला मी बरोबर गेले. माईकसमोर काका पहिल्याच वाक्याला अडखळले. मग ते प्रिन्सिपॉलबाईंकडे वळले. "मॅडम, आप बाईं तरफ से आइए." बाई शालीसकट उठल्या आणि दोघांनी टेबलाला वळसा घातला. पुढचं सगळं काकांनी न अडखळता सांगितलं. काकूंची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्रोफेसर, उभी राहिली. "सर, बिल्कुल सही. मॅडम भी ऐसे ही समझाती थीं."

काकांची छाती कोटात मावेना. मलाही त्यांची शेजारीण असल्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काका एकटेच टाकीला उजवीकडून वळसा घालत होते. पलीकडे पोहोचले आणि थांबले.

"काका, भाषण तर झालं ना?"

"झालं हो," ते वाटेच्या डाव्या बाजूला बघत म्हणाले. "पण आम्ही रोज असंच फिरायचो. ती डावीकडून यायची. गुडघे दुखायचे ना, तिला जरा वेळ लागतो."