फ्लेक्सवरची बकरी

जामूनढाण्यात वेगवान इंटरनेट आलं आणि अख्खं कोरकू गाव हरखलं. धास्तावले ते फक्त ग्रामसेवक अनुपराव. 'रेंज नव्हती, सर' या एका वाक्यावर त्यांनी आजवर अमरावतीत घरी बसून मेळघाटातली नोकरी निभावली होती. गावात ते उगवत ते झेंडावंदनापुरते. आता तालुक्याच्या साहेबांचा हुकूम आला: रोज सकाळी पंचायतीसमोरून व्हिडिओवर हजेरी द्या.

"आता तिकडंच ऱ्हा लागते," अनुपराव रडकुंडीला आले.

"कायले?" त्यांची बायको भावना म्हणाली. "पंचायतीचा फोटो हाय ना तुमच्या फोनात? फ्लेक्स छापून आना!"

फ्लेक्स झकास निघाला. पायरीवरची काळी बकरीसुद्धा हुबेहूब. तो घरच्या भिंतीवर टांगून, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा थाटात हजेरी सुरू झाली. मधेच कुकरची शिट्टी झाली.

"अंगनवाडीची खिचडी, सर!"

"बरं. पण ही बकरी कालही इथंच होती का हो?"

"लई शांत हाय सर ते जनावर."

एके सकाळी पडद्यावर आणखी एक चौकट उघडली. तेच दार, तीच पाटी आणि समोर सरपंच सुंदराबाई जांबेकर. गावात नेट आल्यापासून त्यांनाही हजेरीची हौस आली होती.

"वा! दोघंही पंचायतीसमोर," साहेब म्हणाले. "मग एकमेकांना दिसत कसे नाहीत?"

सुंदराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "सर, ती बकरी माझी हाय. पन तिले तर मी पोळ्यातच इकली!"

त्याच दिवशी अनुपरावांची गावात रवानगी झाली. निजायला अंथरूण नव्हतं, म्हणून फ्लेक्सच गुंडाळून नेला. संध्याकाळी पंचायतीसमोर उभं राहून त्यांनी मोठ्या अभिमानाने भावनाला व्हिडिओ लावला.

"पाह्य, खरंच गावात हाय मी!"

"मले शिकवता? फ्लेक्स तुमीच घेऊन गेले. अन् बकरी कुठं गेली? नवीन छापला का? खरं सांगा, कुठं हाय तुमी?"

अनुपरावांना घाम फुटला. त्यांनी साक्षीला सुंदराबाईंना बोलावलं. त्या मायेनं हसल्या. "वहिनी, फिकर नका करू. तुमचे साहेब आता इथंच ऱ्हातेत. मी हाय ना!"

भावनाचा चेहरा पडद्याच्या आणखी जवळ आला.

"हे बाई कोन होय?"

"हॅलो... हॅलो... रेंज नाही वो... आवाज तुटून राहिला..."

"काई तुटत नाही," भावना म्हणाली. "कपाळावरचा घाम सुदा साफ दिसून राहिला. बोला!"