जास्तीचा चार नंबर

वाघजाईवाडीला टेलिफोनचा निरोप तुकड्यातुकड्यांनी आणि पायी येतो.

तुकडे माणसांसारखेच दिसतात. छातीवर नंबर, तोंडात एकेक शब्द. निघताना त्यांना वेगवेगळ्या वाटांनी सोडतात, म्हणजे एकच वाट तुंबत नाही. वाडीच्या केंद्रात निवृत्ती शेवाळे, म्हणजे आबा, त्यांना बाकावर नंबरवार बसवतात. सगळे जमले की एकापाठोपाठ एक तोंड उघडायचं. एक जरी कमी असला तरी कुणी बोलायचं नाही. शब्द सांडेल म्हणून तोवर चहासुद्धा नाही. हा नियम आबांनी एकतीस वर्षं पाळला होता.

त्या सोमवारी निरोप त्यांच्याच नावावर निघाला. लेक शेवंता साताऱ्याला दवाखान्यात होती, दिवस भरलेले.

सकाळी नऊला पाच नंबर आला. मग दोन, मग एक. अकराला तीन नंबर लंगडत आला, पायात काटा. सगळ्यांच्या छातीवर 'पाचांपैकी' असं लिहिलेलं. चार नंबरचा पत्ता नव्हता.

आबांच्या पत्नी हौसाबाई पदराला हात पुसत आल्या. "अहो, पाचाला विचारा तरी. बोलू नको म्हणावं, नुसती मान हलव."

"नाही."

"हसतोय बघा तो. लेकीचं बरंच असणार."

"त्याला बसायला मिळालं म्हणून हसतोय."

केरबा गिरणीवाला दारातूनच म्हणाला, "माझ्या मेव्हण्याच्या निरोपाला अडीच दिवस बसवलंत, आबा. आता तुम्ही बसा."

"बसलोय," आबा म्हणाले. पण चष्मा त्यांनी चौथ्यांदा पुसला.

बारापर्यंत वाट बघायची, मग हरवला तेवढाच तुकडा पुन्हा मागवायचा, अशी रीत आहे. बाराला आबांनी 'चार' एवढा एक शब्द तोंडात देऊन गडी साताऱ्याला पिटाळला. पाचच्या सुमाराला नवा चार नंबर आला, घामाघूम. आबांनी पाचही जणांना उभं केलं, टोपी सरळ केली आणि बोट दाखवलं.

"आबा," एक म्हणाला.

"शेवंता," दोन म्हणाला.

"सुखरूप."

"मुलगी."

"झाली!"

हौसाबाईंनी चहा आणि शिरा एकदमच आणला. केरबा गिरणी बंद करून गावभर सांगत सुटला. चहा अर्धा झाला नाही तोच दारात एकजण उभा राहिला. अंगभर तांबडी माती. चिपळूणवरून वळसा घालून आला होता. छातीवर चार नंबर, तोंड घट्ट मिटलेलं.

नियम साफ होता. जास्तीचा तुकडा न ऐकता परत धाडायचा.

"तुझं काम झालं," आबा म्हणाले. "जा."

तो हलला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"एवढा चालून आलाय," हौसाबाई म्हणाल्या. "एकदा बोलू द्या की. कुणाचं काय जातंय?"

आबांनी बराच वेळ त्याच्या पायांकडे बघितलं. मग उठून दार लोटून घेतलं. "हळू बोल."

"मुलगी!" तो ओरडला, आणि दोन कप चहा प्यायला.

साडेसातला दवाखान्याचे नऊ तुकडे आले, धावत, अगदी नंबरवार. "इकडे आत्ता दुसरी मुलगी झाली. कुणाच्या हुकमावरून? खुलासा करा."

आबांनी चौघांच्या तोंडी खुलासा धाडला. "माझ्या. दोघी ठेवून घेतो."

पोरी आता आजोळीच शाळेला आहेत. शाळा सुटली की थोरली ओढ्यावरून सरळ घरी येते. धाकटी चिपळूणवरून येते, तांबड्या मातीनं माखून. आबा दारात उभे असतात. दोघी आल्याशिवाय घरात कुणाला चहा मिळत नाही.