मंगळाच्या वाटेवरचा चहा

रविवारी संध्याकाळी पाच वाजून अठरा मिनिटांनी, मंगळाच्या वाटेवर असलेल्या यानात, प्रोफेसर क्रॅनशॉ पुढचं वाक्य विसरले.

खरं म्हणजे विसरले ते लायोनेल ग्रेव्हिट. वय एकाहत्तर, त्यातली पन्नास वर्षं रंगमंचावर गेलेली. यान प्लायवूडचं होतं आणि लंडनच्या एका स्टुडिओत चार ठोकळ्यांवर उभं होतं. पण समोरचे कॅमेरे खरे होते आणि टीव्हीवरची मालिका थेट प्रक्षेपित होत होती. इथे जे घडेल ते त्याच क्षणी देशभरातल्या बैठकीच्या खोल्यांत दिसणार, पुसायची सोय नाही.

अशा वेळेसाठीच एनिड पास्को होती. कॅमेऱ्याशेजारी संहिता घेऊन बसायचं, नट अडला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की घरोघरचा आवाज क्षणभर बंद व्हायचा आणि तेवढ्यात एनिड वाक्य सांगून मोकळी व्हायची. प्रेक्षकांना वाटायचं, आपलाच संच बिघडला. उठून त्याला एक थापटी मारायचे आणि पुन्हा बसायचे.

एनिडने बटण दाबलं. "हवा फक्त चाळीस मिनिटांची उरलीय!" बटण सोडलं.

लायोनेलच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं. कानाने तो तसाही जरा कमीच होता.

"चहा?" तो साऱ्या देशाला ऐकू जाईल असं म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "वा! चहा होऊनच जाऊ दे." मग वाकून त्याने जमिनीवर पडलेल्या वैमानिकाला विचारलं, "तू घेणार ना रे?"

वैमानिक दोन मिनिटांपूर्वी उल्का लागून मेला होता. पण ते काम करणारा क्लाइव्ह चांगल्या घरचा होता. मोठ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं.

"घेईन, सर," प्रेत म्हणालं.

एनिडच्या कानातल्या यंत्रातून दिग्दर्शक रेनरचा विव्हळल्यासारखा आवाज आला. यानातल्या डॉक्टरीणबाई, म्हणजे ऑड्री, पुढे सरसावली. "प्रोफेसर, तो मेलाय!"

"अरेरे," लायोनेल म्हणाला. "मग त्याच्या चहात साखर घालू नकोस. रेशनची आहे."

स्टुडिओत कोणीतरी फिसकन हसलं. लायोनेलने मात्र इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. "डोरोथी करेल चहा," तो म्हणाला. "डोरोथी कुठाय? मघाशी इथेच तर होती."

यानात डोरोथी नावाचं कोणी नव्हतं. अख्ख्या संहितेत नव्हतं. "दाब ते बटण!" रेनर कानात ओरडत होता. एनिडचं बोट बटणावर होतं. पण तो म्हातारा इतक्या मनापासून वाट पाहत होता, की त्याचा आवाज तोडणं तिच्याने होईना. शेवटी रेनरने घाईघाईने दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं आणि देशाला पृथ्वीवरचा नियंत्रण कक्ष दिसला. तिथले प्रमुख आपली पाळी यायला चार मिनिटं आहेत म्हणून निवांत बन खात होते.

"पुढच्या रविवारी प्रोफेसर यानातून बाहेर पडतील," भाग संपल्यावर रेनर म्हणाला. "दोरी तुटेल. विषय संपला."

पण विषय संपेना. टेलिफोन वाजू लागले. हल शहरातल्या एका बाईंनी विचारलं, प्रोफेसरांना आता बरं वाटतंय का? ब्रिस्टलच्या एका निवृत्त मास्तरांनी कळवलं, की अवकाशात माणसाच्या मनाचं काय होईल हे इतकं खरं त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. मेलेल्या मित्राचा आवाज ऐकू येतो तो प्रसंग तर अंगावर काटा आणणारा. मंगळवारपर्यंत पत्रांचा ढीग लागला. बुधवारी लेखकाने चौथा भाग नव्याने लिहिला. प्रोफेसरांची स्मृती जाते, डॉक्टरीणबाई प्रश्न विचारतात, प्रोफेसरांना काही म्हणजे काही सांगता येत नाही.

तालीम चर्चच्या सभागृहात असायची. मधल्या सुट्टीत लायोनेल एनिडशेजारी येऊन बसला.

"खरं सांग पोरी. रविवारी मी अभिनय केला की घोटाळा?"

"अभिनय" हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. "घोटाळा," ती म्हणाली.

"मला वाटलंच." तो कप हातात फिरवत राहिला. "माझी बायको डोरोथी, तिला जाऊन दोन वर्षं झाली. पण त्या वेळी मला ते ठाऊकच नव्हतं बघ. आत असेल, येईल, एवढंच वाटत होतं."

वातावरण हलकं करावं म्हणून एनिड म्हणाली, "आता काय चिंता, ग्रेव्हिटसाहेब? आता तर तुम्हाला विसरण्याचाच पगार आहे."

लायोनेल हसला नाही. "हो ना," तो म्हणाला. "आणि छान विसरलो की लोक पत्रं पाठवणार."

आठवडाभर तालमीत तो अगदी हवा तसा विसरला. रेनर खूश होता. रविवार आला, लाल दिवा लागला, यान थरथरलं.

"प्रोफेसर," ऑड्रीने कापऱ्या आवाजात विचारलं, "आपण पृथ्वीवरून कधी निघालो?"

इथे लांब शांतता लिहिलेली होती.

"चौदा एप्रिलला," लायोनेल म्हणाला. "सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी."

ऑड्री दचकली. "बरोबर... आणि माझं नाव?"

"डॉक्टर हेलन मार्श. शिक्षण एडिंबरा. तुला उंचीची भीती वाटते, पण तू कोणाला सांगत नाहीस."

"विसरायचंय त्याला!" रेनर कानात किंचाळला. "मिस पास्को, सांगा त्याला! म्हणावं, विसर!"

एनिडने बटणावर बोट ठेवलं. वीस वर्षं ती लोकांना आठवण करून देत आली होती. विसरायला सांगायची वेळ प्रथमच येत होती. समोर लायोनेल ताठ उभा होता. शिरस्त्राण काढून त्याने काखेत धरलं होतं. यानाचं वजन, इंधनाची टाकी, मंगळाचे दोन्ही चंद्र, एकेक गोष्ट तो खणखणीत आवाजात सांगत होता, आणि बिचारी ऑड्री "बरोबर, प्रोफेसर, बरोबर," एवढंच म्हणत राहिली होती.

एनिडने बटणावरून बोट काढलं. मग कानातलं यंत्रही काढून मांडीवर ठेवलं, आणि मांडीवरून रेनर बारीक आवाजात ओरडत राहिला.