पावसाची शक्यता नाकारता येत नाही

हवामान कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की हवामान खात्याला मात्र सगळ्यांच्याच बापांचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणूनच विभागीय कार्यालयात टेलिफोनशेजारी उशी घातलेली एक खुर्ची ठेवलेली होती. (उशी खात्याची, ऐकून घेणं कर्मचाऱ्याचं.)

त्या खुर्चीवर अंदाजवाल्या बाई बसत. त्यांचा हुद्दा इतका लांब होता की पाटीवर मावेना, म्हणून रंगाऱ्याने आपल्या मनानेच 'अंदाज' एवढं रंगवलं आणि हात झटकले. दर गुरुवारी विभागाचा हवामान-दृष्टिक्षेप, म्हणजे येत्या दिवसांचा अंदाज, लिहायचा, हे बाईंचं काम. तो वर्तमानपत्रात छापून येई आणि रेडिओवर वाचला जाई. बाईंचे अंदाज सहसा बरोबर येत, त्यामुळे त्यांना कुणी ओळखत नसे. वेळेवर आलेल्या बसबद्दल घरी जाऊन कोण सांगतं?

यंदा वसंत आला तो उन्हाळ्याचे कपडे घालूनच. स्वेटर कपाटात जायच्या आधी पंखे पुसायला निघाले. पावसाचा थेंब नव्हता. तलावाकाठची बाकं होती तिथेच राहिली आणि पाणीच त्यांच्यापासून लांब सरकलं. गावामागच्या टेकडीवरचं गवत पायाखाली पापडासारखं मोडू लागलं. लोक मात्र खूश होते. जो तो ज्याला त्याला "काय छान ऊन पडलंय, नाही?" असं विचारत होता, आणि ज्याला विचारलं तो जणू ते आपणच पाडल्यासारखा लाजत होता.

बाईंनी गुरुवारी लिहिलं: 'हवा उष्ण व कोरडी राहील. पावसाची चिन्हं नाहीत. तलावातला साठा घटत आहे. टेकडीवरचं गवत वाळलेलं असून एखाद्या ठिणगीनेही पेट घेईल. उघड्यावर विस्तव करू नये.'

कागद साहेबांकडे गेला. साहेबांना हवामानातलं फारसं कळत नसे. पण आपल्याला कळतं असं त्यांनी कधी भासवलंही नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते फक्त शब्दांत लक्ष घालत.

"बाई, सगळं बरोबर आहे हो," साहेब म्हणाले, "पण वाचून घशाला कोरड पडते."

"हवाच कोरडी आहे, साहेब."

"असेल. पण ती तोंडावर सांगायची म्हणजे..."

लगेच शब्दशुद्धी समिती बसली. समितीने अवघ्या दुपारभरात जे काम केलं, ते निसर्गाला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. 'उष्ण' हवा 'उबदार' झाली. 'कोरडी'ची 'दमटपणाचा त्रास नसलेली' झाली. घटता साठा काढून 'तलावाचा किनारा फिरण्यासाठी अधिक प्रशस्त झाला आहे' असं आलं. वाळलेलं गवत 'सोनेरी' झालं. 'विस्तव करू नये' यावर मात्र बराच खल झाला. नागरिकांना 'नये' म्हणणं हे नागरिकांना आवडत नाही, असं एका सदस्याने निदर्शनास आणलं. (ते स्वतः नागरिक होते.) तेव्हा ते वाक्य गळलं आणि मोकळ्या जागेत बसवलं: 'उघड्यावरील कार्यक्रमांसाठी हवामान अत्यंत अनुकूल.'

बाईंनी सही केली. का केली, असं कुणी विचारेल. चहाचे कप गार झाले होते, माणसं जांभया देत होती, आणि सही करायला क्षण लागतो, नाही म्हणायला अख्खी संध्याकाळ.

दृष्टिक्षेप अफाट गाजला. खात्याच्या इतिहासात प्रथमच फोन करून कुणीतरी आभार मानले. "असंच ठेवा," तो माणूस म्हणाला. दुसऱ्याने चारनंतर जरा गार वारा सोडता येईल का, अशी नम्र विचारणा केली, ती नोंदवून घेण्यात आली. खात्याने पाहणी केली तेव्हा चौऱ्याण्णव टक्के नागरिक हवामानाबद्दल समाधानी आढळले. उरलेले सहा टक्के टेकडीवर फिरायला गेल्यामुळे भेटले नाहीत.

घरी बाईंच्या सासऱ्यांनी, ज्यांच्या मते सूनबाई ऑफिसात खिडकीबाहेर बघण्याचं काम करत, तो दृष्टिक्षेप वर्तमानपत्रातून कातरून शेजारीपाजारी वाचून दाखवला. "आमच्या सूनबाईंनी केलंय," ते सांगत. लिहिलंय असं म्हणत नसत.

जेवताना बाईंचं लक्ष खिडकीच्या पडद्याकडे असे. वारा रोज थोडा वाढत होता.

आणि मग धाकटे दीर एक भित्तिपत्रक फडकवत घरात शिरले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं चहा-फराळाचं दुकान होतं. येत्या शनिवारी संध्याकाळी टेकडीवर शेकोट्या, गाणी, सहकुटुंब सहपरिवार! खाली ठळक अक्षरांत: 'हवामान खात्याच्या मते अत्यंत अनुकूल.'

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"भाऊजी, तिथे काडीसुद्धा ओढू नका. गवत काय झालंय बघितलंत ना?"

"सोनेरी झालंय."

"वाळलंय ते!"

"वहिनी, खातं म्हणतंय सोनेरी."

"अहो, खातं म्हणजे मीच ना! मीच लिहिलंय."

"मग झालं तर! तुमच्या लिहिण्यावर तुमचाच विश्वास नाही, तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

सासऱ्यांनी चष्मा पुसत निकाल दिला. "सूनबाई, घरातलं माणूस काहीबाही बोलतं. छापून आलेलं वेगळं असतं."

एवढ्यात दिरांची मुलगी टेकडीवरून घसरगुंडी खेळून आली. केसांत गवताच्या काड्या अडकलेल्या. "काकू, तू येणार ना? पहिली शेकोटी मी पेटवणारे!"

बाई तिच्या केसांतल्या काड्या काढत बसल्या. बोटांत धरली की एकेक काडी मोडत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडे दुरुस्तीची परवानगी मागितली. लोकांचा हवामानावरचा विश्वास उडेल, म्हणून साहेबांनी ती नाकारली. मग बाई अग्निशमन केंद्रात गेल्या. तिथले प्रमुख अतिशय अगत्याने वागले. "आम्ही आग लागल्यावर येतो," ते म्हणाले. "आधीच आलो तर करायचं काय तिथे?"

बाई टेकडीखालून चालत परत निघाल्या. वर शेकोट्यांसाठी लाकडं रचून झाली होती, आणि वारा त्यांच्यावरून थेट घरांच्या दिशेने येत होता. लोकांना पाणी आटलेलं सांगून चालत नाही, गवत वाळलेलं सांगून चालत नाही. मग माणूस ऐकतो तरी कशाला? इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून शिव्या ऐकल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक भिजलेल्या कपड्यांपायी होत्या. आगीला माणूस भीत नाही, कारण ती दुसऱ्याकडे लागते. भिजायला भितो.

गुरुवार उजाडला. साहेब सुखद हवामानाबद्दल सत्कार स्वीकारायला बाहेरगावी गेले होते आणि समिती त्यांना पोचवायला. बाईंनी दार लावलं आणि आयुष्यात प्रथमच यंत्रांकडे न बघता लिहिलं: 'शनिवारी संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह मुसळधार पावसाची शक्यता नाकारता येत नाही.' (तांत्रिकदृष्ट्या यात खोटं काहीच नव्हतं. ती कधीच नाकारता येत नाही.)

शुक्रवारी दुकानांतल्या छत्र्या संपल्या. भित्तिपत्रकांवर 'रद्द'च्या पट्ट्या चिकटल्या. दिरांनी लाकडांवर ताडपत्री टाकली आणि वहिनींशी बोलणं टाकलं.

शनिवारी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. अख्खं गाव छत्र्या हाताशी घेऊन घरात बसलं होतं आणि खात्याच्या नावाने बोटं मोडत होतं. पुतणी रडून रडून झोपली. संध्याकाळी वारा सुटला, कोरडा, कढत, दारं आपटणारा. टेकडीवरचं गवत लाटेसारखं आडवं होत होतं. बाई गॅलरीत कठडा धरून उभ्या राहिल्या. पाऊस आला नाही. दुसरंही काही आलं नाही.

शेजारच्या विभागाने आपला दृष्टिक्षेप आमच्या समितीचे शब्द उसने घेऊन काढला होता. तिथेही शनिवारी टेकडीवर शेकोट्यांची सहल होती, आणि ती ठरल्याप्रमाणे झाली. माणसं पळाली म्हणून वाचली. घरांना पळता आलं नाही.

सोमवारी चौकशी बसली. साहेबांनी निष्कर्ष स्वतः लिहिला, आणि तर्कशुद्ध लेखनाचा नमुना म्हणून तो जपून ठेवण्यासारखा आहे: 'शेजारच्या विभागात आग लागली, परंतु अंदाज तंतोतंत बरोबर ठरला. हवा उबदार होती, गवत सोनेरी होतं, कार्यक्रम उघड्यावर पार पडला. आपल्या विभागात आग लागली नाही, परंतु अंदाज साफ चुकला. खात्याचा संबंध अंदाजाशी आहे, आगीशी नाही.'

बाईंनी खुलासा दिला नाही. न लागलेल्या आगीचा पुरावा काय दाखवणार?

दीर मात्र एके दिवशी शेजारच्या विभागात जाऊन ती टेकडी बघून आले. बुटांवर राख घेऊन स्वयंपाकघरात बसले.

"वहिनी," शेवटी म्हणाले, "त्या पावसाने वाचलो हो आपण."

"कुठल्या पावसाने?" सासरे बाहेरून ओरडले.

"पडला नाही त्या."

बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पाठ वळवून डोळे पुसले.

खात्याने उदारपणे बाईंना काढून टाकलं नाही. उलट लोकांच्या सोयीसाठी नवी दूरध्वनी सेवा सुरू केली. एक दाबल्यास आल्हाददायक अंदाज, दोन दाबल्यास खरा. दोनवर बाईंची नेमणूक झाली. एकवर इतकी गर्दी असते की ताटकळत असताना ऐकायला संगीत ठेवावं लागलं. दोनवर थांबावं लागत नाही. पहिल्याच घंटेला बाई उचलतात. आजवर तिथे एकच फोन आला. त्या गृहस्थांचं बोट चुकलं होतं. बाईंनी तेवढ्यात त्यांना उद्याची हवा सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "नको, नको, मला बाहेर जायचंय."

तो नंबर इथे द्यायचाच विचार होता. पण आपण सुज्ञ वाचक. इथवर हसत आलात, आणि टेकडी पेटली ती शेजारच्या विभागात, हेही आपण बरोबर लक्षात ठेवलंत. तेव्हा पेन शोधायची तसदी आपल्याला कशाला?