माफीनामा, प्रत माहितीसाठी

मसुदेबहाद्दरांनी जाहीर केलं, की यापुढे आपण फक्त बोलायचं. कुठं कसं दिसायचं, ते शब्दांचं शब्द बघून घेतील!

पत्रव्यवहार विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना हे नाव ऑफिसनं चेष्टेत दिलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं होतं. स्टेनोबाई निवृत्त झाल्या तेव्हा ते पोरके झाले. एका बोटानं टाइप करणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं! मग बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर आलं, आणि त्यात त्यांना खजिना सापडला. प्रत्येक ॲपला वेगळे नियम लावायची सोय!

चॅटला त्यांनी तोकडी वाक्यं दिली, पूर्णविराम काढून घेतले, शेवटी एक हसरा चेहरा चिकटवला. टिपणवहीत एकाखाली एक यादी. आणि मेलमध्ये मात्र जीव ओतला. वर विषय, खाली संदर्भ, मजकूर क्रमांकानं, शेवटी 'आपला विश्वासू' आणि त्याखाली 'प्रत माहितीसाठी'. ताजमहाल बांधणाऱ्यालाही इतकं समाधान लाभलं नसेल!

या बांधकामाला चार तास लागले. नेमक्या त्याच चार तासांत त्यांच्या बायकोच्या मातीच्या भांड्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन सुरू झालं, दिवा लागला, भाषणं झाली, लोक पांगलेसुद्धा. "निघालोच!" असं मसुदेबहाद्दरांनी फोनवर तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तर एका पायात चप्पलही होती.

बायको हॉलवरून परस्पर बहिणीकडे गेली. चॅटवर त्यांना ब्लॉक केलं. फोन केला तर मेहुणीनं उचलला.

"ताई बोलणार नाही, भावजी."

"का पण?"

"ते तुम्हाला कळेपर्यंत."

"अगं, प्रदर्शन शनिवारी संपतंय. मग तरी येईल ना घरी?"

"मागची खोली रिकामी केलीय मी. भट्टीसुद्धा मावेल म्हणतेय ताई."

भट्टी! म्हणजे मुक्काम कायमचा! चॅट बंद, फोन बंद. उरला मेल.

मसुदेबहाद्दर ताठ बसले, घसा खाकरला आणि काळीज उघडं केलं. "अगं, माझं चुकलं, अगदी मान्य, पण तूही दोन वाजता एक आठवण करायला हवी होतीस, आणि तसं बघितलं तर मडकी काय पळून जाणार होती का, तरी मला वाईट वाटलंय, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, साखर कुठल्या डब्यात आहे तेही सापडत नाही, ये लवकर."

डोळे पाणावले. त्याच डोळ्यांनी त्यांनी 'पाठवा' दाबलं. मग चष्मा पुसून वाचलं.

विषय: चुकीच्या कबुलीबाबत.
संदर्भ: निरंक.
१) चूक पूर्णपणे माझी आहे.
२) मला वाईट वाटले आहे.
३) आपल्याविना घर खायला उठते.
४) तरी लवकर यावे, ही विनंती.
आपला विश्वासू.
प्रत माहितीसाठी: मा. विभागप्रमुख, पत्रव्यवहार विभाग (सर्व).

"अरे, माझी बाजू कुठं गेली?" ते किंचाळले. नियमांच्या तळाशी 'पाल्हाळ गाळा' असा एक खटका होता. तो चालूच राहिला होता. दोन वाजताची आठवण, मडकी, साखर, सगळं त्या यंत्रानं पाल्हाळ म्हणून फेकून दिलं होतं!

प्रतींची ओळ नुसती शोभेची होती. खरी प्रत कुणालाच गेली नव्हती. पण हे बायकोला कुठं ठाऊक? अर्ध्या तासात तिचं उत्तर आलं. "अर्ज मिळाला. सगळ्या ऑफिससमोर चूक कबूल करणारा नवरा मी प्रथमच पाहतेय. तोंडी सुनावणीस शनिवारी पाच वाजता हॉलवर हजर राहावे." ऑफिसच्या सहलीच्या जुन्या मेलमध्ये विभागातल्या अकराही जणांचे पत्ते होते. तिनं त्या सगळ्यांना हे उत्तर पाठवलं होतं, खाली मूळ अर्जासकट! आणि तिच्या प्रती शोभेच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मसुदेबहाद्दर ऑफिसात चोरासारखे शिरले. साहेबांनी लगेच बोलावलं.

"बसा. अठ्ठावीस वर्षांतला तुमचा सर्वांत नेटका मसुदा! मुद्दा क्रमांक एक तर असा, की एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. मी घरी बायकोला वाचून दाखवला."

"मग?"

"मग काय! तुम्हाला असं कधी जमणार, म्हणाली. कालपासून माझ्याशी अबोला आहे."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मसुदेबहाद्दरांनी मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "हातच बसलाय, साहेब."

शनिवारी हॉलमध्ये अख्खा विभाग लोटला होता. साहेब तर सपत्नीक. आपल्या बाईंचा अबोला सुटावा म्हणून त्यांनी दोन बरण्याही कवेत घेतल्या होत्या. मधोमध बायको उभी होती, नखांत माती, शेजारी भरलेली बॅग.

"अहो, ते तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"अक्षर न् अक्षर!" छाती अशी फुगली, की मागच्या मांडणीवरची सुरई डुलली.

"त्या यंत्रानं नाही ना?"

"यंत्राला माणसाच्या मनातलं काय कळतंय!"

"मग मुद्दा एक फक्त तोंडानं म्हणा. ही बॅग उचलते आणि घरी येते."

मसुदेबहाद्दरांनी श्वास घेतला.

"चूक पूर्णपणे माझी आहे."

वा! खणखणीत! बायकोचा हात बॅगेकडे गेला. टाळ्या वाजवायला साहेबांनी बरण्या खाली ठेवल्या. आता फक्त गप्प बसायचं राहिलं होतं.

"पण तू दोन वाजता एक आठवण..."

मेहुणीनं बॅग उचलली आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवली.

मसुदेबहाद्दर सध्या रोज सकाळी आरशासमोर मुद्दा क्रमांक एकचा सराव करतात. प्रगती समाधानकारक असल्याचं ते स्वतःच कळवतात.