गोलघुमटासमोरचा एकच फोटो

शाहूपुरीतल्या अंबादास कारकुनांनी प्लॅस्टिकचा कॅमेरा घेतला, तेव्हा दुकानदार तो कसा वापरायचा ते सांगत होता आणि अंबादास कॅमेऱ्यातून दुकानदाराचंच नाक बघत होते. मागच्या लाल खिडकीत नंबर दिसतो आणि बारा नंबर आला की रोल संपतो, एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

एकाहत्तरच्या दिवाळीत पत्नी पद्मजाबाईंना घेऊन ते विजापूरला गेले. गोलघुमटासमोर त्यांना उभं करून खटका दाबला आणि लाल खिडकीत पाहिलं. एक. मग टांग्याचा फोटो काढला. तरी एकच!

“अगं, नंबर हलतच नाही!”

“मोडला असेल.”

“छे! उन्हात फिल्म कमी खात असेल.”

हा शोध त्यांना फार आवडला. तेवढ्यात पायरीवर बसलेले एक फेटेवाले गृहस्थ उठून आले. हातकणंगल्याचे सयाजी पाटील, बैल बघायला आलेले.

“पावणं, ह्या डबड्यात अख्खा मानूस मावतोय व्हय?”

“मावतो की! उभे राहा.”

“पाय कापू नगासा.”

अंबादासांनी फोटो काढला, पत्ता लिहून घेतला आणि पाठवायचा शब्द दिला.

कोल्हापुरात स्टुडिओवाल्या बाळासोंनी रोल धुतला.

“साहेब, चावी फिरवली न्हाईसा?”

“कसली चावी?”

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चावी होती. प्रत्येक फोटोनंतर ती फिरवून फिल्म पुढे सरकवायची. अंबादासांना ती शोभेची वाटली होती. त्यामुळे सगळं एकाच फोटोत आलं होतं. घुमटातून घोडा निघाला होता, आणि सयाजीरावांच्या खांद्याला खांदा लावून पद्मजाबाई लाजत होत्या.

“हा पाठवू नका हं,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“शब्द दिलाय,” म्हणत अंबादासांनी मागे लिहिलं, ‘विजापूरची गोड आठवण.’ खाली आपलं नाव, पत्ता.

आठव्या दिवशी दार वाजलं. पद्मजाबाईंनी उघडलं. दारात एक धिप्पाड बाई, हातात फोटो.

“मी चिमणाबाई, हातकणंगल्याच्या सयाजी पाटलाची मंडळी. अंबादासराव हितंच ऱ्हात्यात न्हवं? ह्या फोटूतली टवळी कोन, ते इचारायचं हाय.”

एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. मग फोटोकडे. मग पुन्हा पद्मजाबाईंकडे.

“आगं बया! घरातच हाय की!”

अंबादास धावत आले. कॅमेरा आणला, मागचं झाकण काढलं, चावी दाखवली. चिमणाबाईंचा राग हळूहळू बाजूला राहिला. त्यांनी झाकण हुंगलं, भिंगात डोळा घातला, चावी स्वतः कर्रकर्र फिरवून बघितली.

“म्हंजे ही न्हाय फिरवली, की कुनाच्याबी शेजारी कुनीबी?”

“कुणीही!”

“आन् आमचं मालक शपता घेत हुतं, ‘बाई वळखीचीच न्हाय’ म्हनून, ते खरं?”

“अगदी खरं.”

चिमणाबाई खाली टेकल्या. त्यांनी पद्मजाबाईंनी दिलेला चहा संपवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “चार दिस माज्या घशाखाली घास उतरला न्हाय. आता माजा आन् ह्या पावण्यांचा तसाच एक काढा, आन् आमच्या मालकास्नी पोस्टानं धाडा.”

अंबादासांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. पद्मजाबाई कॅमेऱ्यात नवा रोल भरत होत्या.

“चिमणाबाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ह्यांच्या डाव्या बाजूला जास्त शोभाल.”