नरोत्तमबापूंच्या मोटारीचं डावं दार

नरोत्तमबापू कोणाला रामराम घालत नसत. माणूस दिसला की बखोट धरायचे, आपल्या काळ्या मोटारीपाशी ओढत न्यायचे, डाव्या बाजूच्या मागच्या दारासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "देख बरं, तोंड दिखस का?"

दिसायचं. खोटं कशाला बोलू? त्या दारात माझ्या मिशीचा केस न् केस दिसायचा. पण मी सात वर्षांत एकदाही हो म्हटलं नाही. म्हणायचो, "धूळ दिखस, बापू." मग बापू धोतराच्या सोग्यानं पुन्हा घासायला लागायचे आणि मला तेवढीच गंमत.

मी कळसाडीचा. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. पण बैलजोडी अशी की शहाद्याच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माझी गाडी शिरली की हमाल हातातली बिडी खाली करायचे. बापू म्हसावदचे, गुजर, तालेवार शेतकरी. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी सुरतेच्या कोणा व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली. कापूस त्यांचा बैलगाड्यांतून यायचा आणि बापू मागून मोटारीतून. यायला गाड्यांपेक्षा उशीर व्हायचा, कारण वाटेत तीनदा उतरून मोटार पुसायचे.

आमचं भांडण सावलीवरून. जीनच्या आवारात कडुनिंबाचं एकच मोठं झाड. त्याखाली माझ्या बापाच्या वेळेपासून आमचे बैल बांधलेले. मोटार आल्यावर बापू म्हणायला लागले, "दग्या, बैल तठे बाभूयखाले बांध. मन्ही मोटारले ऊन लागस. रंग उडस."

"बैलले ऊन लागत नही का?"

"बैलनं कातडं परत येस रे. रंग परत येत नही!"

मी बैल सोडले नाहीत. बापूंनी मोटार हटवली नाही. एकाच झाडाच्या एका अंगाला माझा चांद्या आणि पिवळ्या, दुसऱ्या अंगाला ती काळी मोटार, अशी सात वर्षं गेली.

आणि बापूंची औषधं! मोटारीला ओरखडा पडला की करीम मिस्तरीकडे न्यावं, तो पत्र्याचं काम करायचा, हात सोन्याचा. पण नाही. बापू गोवरीची राख जुन्या धोतरातून चाळायचे, तिळाच्या तेलात कालवायचे आणि घासत बसायचे. वर चिंचेच्या पाण्यानं पितळी मूठ उजळायची. खोल ओरखड्यात दिव्याची काजळी भरायची. हे सगळं करताना मला शिकवायचे. "दग्या, ध्यानमा ठेव. राख बारीक पाहिजे. जाड राखवरी रंग सोलाई जास." अहो, माझ्याकडे बैलगाडी! मी कुठे राख घासू?

तर एका दुपारी बापूंनी ते डावं दार एवढं उजळलं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत, आणि ते ऑफिसात चहा प्यायला गेले. चांद्याचा दोर सैल झाला होता. चांद्या दोन पावलं पुढे आला, मान वर केली आणि थबकला. समोर दारात दुसरा बैल. कपाळावर तसाच चांद, तशीच शिंगं. चांद्यानं फुस्स केलं, त्या बैलानंही केलं. चांद्यानं मान खाली घातली, त्यानंही घातली. मी बादली टाकून पळालो, पण धडाम आवाज आधी झाला.

दारात परातीएवढा खड्डा, आणि शिंगाचा ओरखडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बापू धावत आले. बघितलं. मग त्यांचा आवाज फुटला. "तुन्हा बैलनी मन्हं दार फोडं!"

माझीही जीभ गप्प बसणारी नव्हती. "दारमा दुसरा बैल कोनी ठेवा? तुम्हीच ना!"

हमाल हसले. बापू हसले नाहीत. खड्ड्यावर हात ठेवून म्हणाले, "आठ दिनवर चंपाले लेवाले जानं शे."

चंपा त्यांची एकुलती पोर. तापीपलीकडे रनाळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला माहेरी आणायची होती. मला वाटलं, व्याह्यांपुढे मिरवता येणार नाही म्हणून म्हातारा हळहळतो आहे. मी मनात म्हटलं, बरं झालं, थोडी जिरली. माफी तर मागितली नाहीच.

करीम मिस्तरी स्वतः चालत आला. "बापू, दो दिन दे दो, बना देता हूं."

"मन्हं दार मी करसु."

"बापू, ये लोहा है, बाजरे की भाकरी नहीं, के हाथ से थापोगे."

ऐकतात कुठले! बापूंनी घरून मुसळ आणलं, त्याला गोधडीचा तुकडा गुंडाळला आणि दार आतून ठोकायला घेतलं. मोठा खड्डा मधोमध वर आला, पण दोन्ही बाजूंना एकेक नवा पडला. मग खड्डे भरायचं ठरलं. करीम म्हणाला, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घ्या. बापूंना खडू कच्चा वाटला. त्यांनी काय घ्यावं? सरकीची पेंड! "वाळनी की दगड व्हस," म्हणे. पेंड भिजवून, गुळाच्या पाण्यात मळून, दारावर लिंपली आणि मोटार नेहमीच्या जागी उभी केली.

पेंड आणि गूळ! माझ्या बैलांसमोर! मी पाणी आणायला गेलो आणि परत आलो तोवर चांद्यानं अर्धं दार चाटून साफ केलं होतं, उरलेलं पिवळ्या खात होता.

"दग्या, तुन्हा बैल मन्ही मोटार खाई ऱ्हायनात!"

"बापू, तुम्ही वाढं, त्या जेवनात."

तीन दिवस राहिले तेव्हा बापू नमले आणि खडूवर आले. खडू, तेल, काजळी असं मळून खड्डे भरले, वरून जवसाच्या तेलाचा हात दिला. काम बरं जमलं होतं, मी कबूल करतो. पण वाळवायला मोटार लावली कुठे? जीनच्या आवारात, भर हंगामात. वारा सुटला. कापसाची रुई उडाली ती थेट ओल्या तेलावर. चहा पिऊन येईतो मोटारीला डाव्या बाजूनं मेंढीसारखी लोकर आली होती.

बापू नखानं एकेक धागा काढत बसले. दिवस मावळायला आला तरी बसलेले. मी गाडी जुंपली, निघताना म्हटलं, "बापू, राहू द्या. दार शे, बंद व्हस, उघडस. आखो काय पाहिजे?"

त्यांनी मान वर केली नाही. "तोंड दिखत नही रे," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी मोटार रनाळ्याहून परतताना जीनमध्ये थांबली. इंजिनात पाणी घालायचं होतं. मी निंबाखाली बैलांना वैरण टाकत होतो. बापू घाईनं उतरले आणि डाव्या दाराला पाठ लावून उभे राहिले, पोलिसानं दार अडवावं तसे. चंपा उजवीकडून उतरली, सावकाश, पोटावर हात ठेवून. फेरी घालून बापापाशी आली.

"बापा, सरक ना."

"ऱ्हाऊ दे बेटा. त्यामा आते तोंड दिखत नही."

"सरक तं खरा. मन्ही वेणी सुटनी."

मग माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "दगाकाका, माय गयी तैपासून बापाच मन्ही वेणी घाले. घरना आंगनमा, ह्या दारम्होरे. मी पुढे उभी, बापा मांगे. माले सांगे, देख, तोंड दिखस का? दिखस म्हनी सांगं की मंगच शाळामा धाडे."

माझ्या हातातली वैरण हातातच राहिली.

बापू बाजूला झाले. दार कसलं ते, उंचवटे, खड्डे, मध्ये काजळीचे डाग आणि तेलात अडकलेली रुई. चंपा वाकली. डोकं इकडे केलं, तिकडे केलं. आणि खळखळून हसली.

"बापा, एक नही, दोन चंपा दिखी ऱ्हायन्यात!"

"दोन?" बापू तिच्या मागे येऊन वाकले. मग त्यांचे हात आपोआप तिच्या सुटलेल्या वेणीकडे गेले. मी बैलांकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो आणि बैल कुंपणाजवळच्या बाभळीखाली बांधले. बापूंची मोटार आली. त्यांनी रिकामा निंब पाहिला, मला पाहिलं.

"दग्या, कसाले रे?"

"बैलले बी जरा ऊन लागाले पाहिजे."

बापूंनी माझं बखोट धरलं, ओढत नेलं आणि त्या डागाळलेल्या दारासमोर उभं केलं. "देख बरं, तोंड दिखस का?"

खड्ड्यांत माझी मिशी वाकडी झाली होती आणि एक डोळा कुठे गेला ते कळत नव्हतं.

"दिखस, बापू," मी म्हटलं.